मधला भाग

आर्व्हच्या खोऱ्यात स्क्रू कातणाऱ्यांची गावं आहेत.
बोटाच्या पेराहून बारीक पितळी तुकडे
तेलात न्हाऊन निघतात,
आणि ते तेल उतरवायला लागतं
गोडसर वासाचं, पाण्याहून जड असं काहीतरी,
ज्याला आम्ही सगळे नुसतं 'पेर्क्लो' म्हणतो.
मळलं की मी पिंपं भरून ओदिलकडे नेतो.

ती आधी काचेची नळी सोडते.
वर पाणी, खाली माल, तळाशी साका.
"पाणी फार आहे, फर्मँ. कुणीतरी झाकण उघडं ठेवलंय.
पैसे कापून घे म्हणावं."
मी मान हलवतो. सांगत मात्र नाही कुणाला,
मला उद्या पुन्हा त्याच दारात जायचंय.

तिचे आजोबा जेन्शनच्या मुळांची दारू गाळायचे,
डोंगरात, परवाना होता तोवर, आणि नंतरही.
पहिली धार फेकून द्यायचे, ती डोळे घेते म्हणून,
शेवटचीही फेकायचे, ती चव घेते.
मधला भाग आपला.
ओदिल हे सांगते तेव्हा काटा एकशे एकवीसवर असतो
आणि नळीतून थेंब पडत असतात,
इतके स्वच्छ की बाटलीत काही आहे हे
बाटली हलवल्यावरच कळावं.
मागे उरतं ते काकवीसारखं काळं.
तेवढं पदरचे पैसे मोजून भट्टीत पाठवायचं.

सोमवारी अँटवर्पहून वाउटरचा फोन.
कागदवाल्यांनी कॉस्टिक घेणं कमी केलंय,
म्हणून क्लोरीनही कमी निघतंय,
म्हणून नवा माल महागलाय,
म्हणून तुमचा जुना चालेल, किती आहे?
ओदिलने फोन खांद्यात धरून
पाटीवरचा जुना भाव पुसला.
तिला हसताना मी फारसा पाहिलेलो नाही.

गुरुवारी पेरू आला, टोपी हातात घेऊन.
कारखान्यात पाण्यावर चालणारं मशीन बसवलंय, म्हणाला.
मार्चपासून पिंपं नाहीत.
बँकेने सांगितलं, विम्याने सांगितलं, मुलानेही सांगितलं.
मग उगाच हवेबद्दल थोडं बोलला.
भाव चढला त्याच आठवड्यात गिऱ्हाईक उतरलं.
ओदिल म्हणाली, "बरं झालं,"
आणि ते कशाबद्दल, हे मला अजून कळलेलं नाही.

पेरूच्या शेडमागे एक विहीर आहे.
सिमेंटचं झाकण, वर कुलूप, कुलपावर गंज.
पूर्वी मळलेलं तिथेच ओतायचे,
जमीन पिते म्हणून.
जमीन पीत नाही. ते फक्त खाली जातं,
पाण्याच्याही खाली, खडकाच्या भेगेत,
आणि तिथे बसून राहतं.
तिथवर कुणाचीच नळी पोचत नाही.

संध्याकाळी ती वही काढते.
आले हजार किलो.
निघाले आठशे पन्नास, काळं नव्वद, पाणी तीस.
मी बोटांवर मोजतो.
"तीस राहिले," मी म्हणतो.
"हातचे," ती म्हणते, आणि तसंच लिहिते.
मग कोट दाराबाहेरच्या खिळ्याला टांगते,
घरात वास नको म्हणून,
आणि खिडकी मात्र बंद करते,
कारण बाहेर तोच वास आहे.