गुरुवार, एक ते चार

लसीकरणाच्या जुन्या कार्डाच्या पाठीवर
मी तुझा दिवस मांडतेय, इंदुमती.
सकाळी सहा चाळीस, थिवी स्टेशन.
रात्री नऊ दहा, तेच स्टेशन.
मधले तास बोटांवर मोजले, पुन्हा मोजले.
साडेचौदाच भरतात,
एकतीस वर्षांच्या बदल्यात.

मिरजेच्या हॉस्टेलात मी सांगायचे,
आमच्याकडे मावशीला भेटायला नदी ओलांडतात.
तू म्हणायचीस, थापा मारू नकोस,
औशात नदी बघायची तर बस पकडावी लागते.
म्हणून आधी फेरीबोट. नार्व्याहून दिवाडी.
माणसाला तिकीट नाही.
कुणाच्यातरी स्कूटरला टेकून उभं राहायचं,
डिझेलचा वास, चिखलाचा वास,
टोपलीतल्या खुब्यांचा वास.
बोलायला तोंड उघडेपर्यंत पलीकडचा धक्का येतो.
सप्तकोटेश्वरही याच पाण्यातून आला म्हणतात,
तिकडून इकडे, जीव वाचवून.
आपल्याला तशी घाई नाही.

त्याआधी न्याहारी.
बसस्टँडसमोर फोंडूकडे पातळ भाजी नि उंडो.
(तू अजून ताटातलं अंडं बाजूला सारतेस का?
उंड्यात अंडं नसतं. नावावर जाऊ नकोस.)

वल्लभ म्हणतो, आई, पाहुण्यांना समुद्र दाखवतात.
त्याने फोनवर कळंगुट काढून दिलं,
येऊनजाऊन अडीच तास, गर्दी वेगळी.
मी आठवत बसले, समुद्रावर शेवटची कधी गेले?
शाळेच्या सहलीबरोबर, प्रथमोपचाराची पेटी घेऊन.
पोरं पाण्यात, मी पेटीवर बसलेली,
एकेक डोकं मोजत. बावन्न. एक्कावन्न. बावन्न.
कार्डावर लिहिलं: समुद्र?
प्रश्नचिन्ह अजून तसंच आहे.

खाण लिहिली आणि खोडली.
बंद पडलेल्या खड्ड्यात पाणी साचलंय, हिरवंगार,
नवखे लोक त्याला तळं समजून फोटो काढतात.
तूही म्हणशील, किती सुंदर.
मग मला सांगावं लागेल
की आमच्या दवाखान्यातले निम्मे खोकले
तिथल्याच धुळीतून यायचे.
सुट्टीच्या दिवशी ड्यूटी नको.

बुधवारी आली असतीस तर डिचोलीचा बाजार होता.
पण तुझी लेक रत्नागिरीत बुधवारी सोडत नाही,
मंगळूरचा मुलगा शुक्रवारच्या पुढे थांबत नाही.
गुरुवार तेवढा मोकळा, दोघांच्या मध्ये,
कुणाचा नसलेला.

घोळ झाला तो एक ते चारचा.
दुकानांची फळकुटं ओढलेली, बँकेत चिटपाखरू नाही,
औषधवालासुद्धा आत घोरतो.
बाहेरच्या माणसाला हे काय दाखवायचं?
मला लाज वाटली.
चौकोनात आधी देऊळ कोंबलं, मग किल्ला,
मग मयेचं तळं, भर उन्हात.

काल रात्री तुझा फोन.
हिशेब दिला मी, पासबुक वाचावं तसा.
तू हं, हं करत राहिलीस.
मग विचारलंस,
"तुमच्याकडे दुपारी खरंच सगळं बंद असतं?
अख्खं गाव झोपतं?"
हो, म्हटलं, खालच्या आवाजात.
"मग मला तेच दाखव."

बराच वेळ कुणीच बोललं नाही.
आठवल्या त्या रात्री,
वॉर्ड नंबर चार, दोन स्टुलं,
एकीने डोळा मिटायचा, दुसरीने सिस्टरची चाहूल घ्यायची,
वीस-वीस मिनिटं,
आणि तू मला नेहमी पंचवीस द्यायचीस.
मला कळत होतं. मी कधी बोलले नाही.

किल्ला खोडला. देऊळ खोडलं, देव रागावणार नाही.
समुद्राचं प्रश्नचिन्ह राहू दे.
एक ते चार: मधली खोली, दोन चटया,
उशी तुला कापसाची, मला कशीही चालते.
दार आतून लावायचं.
चाहूल कुणीच घ्यायची नाही.

फक्त एक गोष्ट.
गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज घालवतात,
कधी अकराला, कधी दोनला.
सकाळी उठून वीजखात्यातल्या रायकरांना गाठते.
त्यांच्या तिन्ही पोरांना डोस मीच पाजलेत,
पंख्यापुरतं तरी ऐकतील.