पाणी किती वेळ होतं

रुवीतल्या आमच्या दुकानात, गोठवलेल्या मटारांच्या फ्रीजरपाशी
हलिमा बुरोंडकर पडली.
गुरुवारी, चार वाजून दहा मिनिटांनी.
आवाज फारसा झाला नाही,
पोत्यातून नारळ निसटावा तसा एकच.
मग कढीपत्त्याची पिशवी सरकत सरकत
माझ्या बादलीपर्यंत आली.

उजवं मनगट. कात्री धरायचं.
मशिदीमागच्या गल्लीत अबाया शिवते ती, बारा वर्षं झाली.
"आई गं" म्हणाली तेव्हा कळलं, आपल्याकडची.

सुनोज धावत आला. आधी म्हणाला, पुस.
मग म्हणाला, ॲम्ब्युलन्स.
मी पुसलं.
अर्ध्या मिनिटात फरशी अशी कोरडी
की इथं कुणी पडलं यावर
माझाच विश्वास बसेना.

आता सगळे एकच विचारतात.
अरबीतून हिंदीत, हिंदीतून माझ्यापर्यंत येताना
सगळं झिजतं, हा प्रश्न झिजत नाही:
पाणी किती वेळ होतं?
पाच मिनिटांचं असेल तर कुणाचाच दोष नाही म्हणे,
गिऱ्हाइकाच्या बाटलीतून सांडलं असेल.
तासाचं असेल तर बघू.
आणि दिवसांचं असेल तर
तिच्या वकिलाने एक भारी शब्द सांगितला, हिंदीत.
मी मनात त्याचं मराठी केलं: हयगय.

कागद म्हणतो, चार वाजता फरशी कोरडी.
खाली सही माझी.
सही खरी आहे हो.
फक्त चारची सही मी सकाळी नऊला केली,
दहाची, अकराची, रात्री दहाचीसुद्धा,
चहा निवायच्या आत, एका दमात.
रोज तशीच करतो.

कॅमेरा चॉकलेटांकडे बघत होता.
विमावाल्याने तिच्या चपलेचा तळवा पालथा करून फोटो काढला.
गुळगुळीत, म्हणाला.
पायी कामाला जाणाऱ्या बाईची चप्पल
आणखी कशी असणार?

मला माहीत आहे पाणी किती वेळ होतं.
रमजानच्या आधीपासून.
सांगितलं होतं मी, दोनदा.
सुनोजने वर सांगितलं, वरच्याने त्याच्या वर,
आणि उत्तर म्हणून वरून एक जाड फडकं आलं.
ते फ्रीजरखाली कोंबायचं, पिळायचं, परत कोंबायचं.
त्या गुरुवारी फडकं वाळत होतं.

व्हिसा याच दुकानाचा.
गुहागरला छप्पर अर्ध्यावर थांबलंय.
बिल्ल्यावर गुणाजीचं गनजी झालंय,
ते दुरुस्त करा म्हणायचं दोन वर्षं घोळतंय तोंडात.

फ्रीजरच्या डाव्या पायाखाली मात्र गंज आहे.
फरशीवर उतरलेला, बशीएवढा, कडेने गडद.
गंज पाच मिनिटांत उतरत नाही.
सुनोजने ॲसिडची बाटली दिली. तीन रात्री घासलं.
फिका झाला. गेला नाही.
मग त्यावर पिवळा बोर्ड उभा केला,
घसरणाऱ्या माणसाचं चित्र असलेला.
त्या दिवशी हा बोर्ड गोदामात होता.
आता जागचा हलत नाही.

काल ती आली. हात गळ्यात बांधलेला.
डाव्या हाताने कढीपत्ता निवडत होती, पानं हुंगून.
केसचं काही बोलली नाही.
"गुहागरकडचे ना? बोलण्यावरून वाटलं तेव्हा."
म्हटलं, हो.
तेव्हा मी काय बोललो होतो, आठवेना.

सुनोज गल्ल्यावर सुटे मोजत होता.
मी बादली खाली ठेवली.
बोर्ड मिटला, काखेत घेतला,
फरशी पुसायचीय म्हणून.
पुसली नाही.

ती बघत राहिली.
मग डाव्या हाताने, चाचपडत, फोन काढला.

डागावर माझी सावली पडत होती.
मी जरा बाजूला झालो.