फेरपडताळणी

एकतीस वर्षं मी वजनं तपासली,
म्हापशाच्या बाजारात, शुक्रवारी.
पिशवीत खात्याची पितळी वजनं, मखमलीत गुंडाळलेली,
कुणाच्या लग्नातले दागिने असावेत तशी.
लोखंडी किलोच्या पोटात खळगा असतो,
त्यात शिसं, शिशावर वर्षाचा शिक्का.
झिजलं तर थोडं शिसं वाढवायचं.
वजन कुठून येतं, असं कुणी विचारलं असतं
तर मी खळग्याकडे बोट दाखवलं असतं.

एर्मेलिंदानं विचारलं एकदा, सुक्या मिरच्यांमागून:
"साहेब, हे खरं कशावरून?"
"खात्याच्या वजनावरून."
"आणि ते?"
"पणजीच्या."
"आणि ते?"
मी पावती फाडली.

सुलक्षा आता जिथे असते
तिथे कणांची वजनं करतात, तराजूशिवाय.
चवथीला आली, माटोळी बांधताना
तोरिंजन हातात खेळवत म्हणाली,
"बाबा, यात माल शंभरातला एक वाटा. जेमतेम.
बाकीचं वजन मालाचं नाही."
आमच्या खात्यात याला मापात पाप म्हणतात.
"मग कशाचं?"
"धावण्याचं. आत तीन पोरं कोंडलेली,
स्वतःचं वजन जवळपास नाहीच,
बांधणाऱ्या दोरीला तर मुळीच नाही.
दोरी ताणून तोडलीत
तर तुटल्या टोकांना दोन नवी पोरं.
सुटका नाही. ती धडपड तुम्ही तोलता."

"आणि तो एक वाटा?"
तो म्हणे रिकाम्या जागेतही जे पसरलंय त्याचा,
उजेडाला ज्याचा पत्ताच नाही.
"म्हणजे खाजनातला चिखल," मी म्हटलं.
"नाही. चिखल थांबवतो.
हे चालत्याला चालू देतं, बसल्याला बसू देतं,
फक्त बदल म्हटलं की जड जातं."
"तुझ्या आईसारखं."
स्वयंपाकघरात भांडं आपटलं.

रात्री झोप लागेना.
ही सातव्या महिन्यात झाली, आझिलोत,
काट्यावर एक किलो सातशे.
नर्स ओरडत असताना मी काटा पातळीत घेतला,
खात्याचं वजन ठेवून पाहिलं:
चाळीस ग्रॅम जास्त दाखवत होता.
नोटीस काढायला हवी होती.
काढली नाही.
ते चाळीस मला हवे होते.

आता हिशेब करतो:
सोळाशे साठात माल सोळा-सतरा ग्रॅम,
दोन-तीन सुपाऱ्या.
उरलेलं सगळं कोंडलेलं धावणं,
काचेच्या पेटीत, मुठी आवळून.

बाद झालेला एक किलो दाराला टेकण म्हणून आहे.
पहाटे उचलून कानाशी धरला.
काही नाही. गार.

शुक्रवारी एर्मेलिंदाला सांगितलं, पणजीच्या पुढचं.
तिनं सगळं ऐकून घेतलं,
पारडं पदरानं पुसलं.
"तीन पोरं एका खोलीत," म्हणाली,
"मग जड होणारच, साहेब,"
आणि मूठभर मिरच्या वर टाकल्या,
न तोलता.