पिवळी नखं

मोबाईलवर फॉर्म आलाय, आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी.
नऊ प्रश्न. दोनच मिनिटं लागतील म्हणतात.
गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला
झोप न लागणे, भूक न लागणे,
कशातच रस न वाटणे.
कधीच नाही. काही दिवस. जवळजवळ रोज.
मी तिन्हींवरून अंगठा फिरवतो
आणि फोन उपडा ठेवतो,
आम्ही माणसं ठेवायचो तसा.
उपडं झोपवलं की फुफ्फुसाला जागा मिळते.

मिरजेत मला सगळे ब्रदर म्हणायचे.
ब्रदर, पाणी.
ब्रदर, घरी फोन लावा की.
ब्रदर, त्या कोपऱ्यातल्यांचा आवाज का येईना?
किटच्या छातीवर मार्करनं नाव लिहायचो, सं. पाटोळे.
सॅनिटायझरनं बारापर्यंत ते पुसून जायचं,
मग नुसता ब्रदर उरायचा.
ते एक बरं होतं.

अकरा नंबरला बिराप्पा सरगर,
सांगलीच्या मार्केट यार्डात चाळीस वर्षं
हळदीची पोती वाहिलेला.
बोटाला ऑक्सिमीटर लावला, तर चौसष्ट.
नखं पिवळी आहेत म्हणून असेल, मी म्हणालो.
स्पिरिटनं पुसली. दुसरं बोट. तिसरं.
कानाची पाळीसुद्धा.
तो हसला.
"निघायचा न्हाई त्यो रंग.
बायकू म्हणती, लगीन हून नातवंडं झाली,
तुमची हळद काय उतरंना."

बाराला एक बाई आली. चौतीस वर्षांची.
मशीन एक.
डॉक्टर भिंतीकडं बघून बोलल्या.
पोरगीच होती तीही, अठ्ठावीसची,
मागच्या वर्षीपर्यंत होस्टेलात राहणारी.
मी मास्क काढला.
पट्टे सोडवले, चारही.
माझं काम तेवढंच होतं, पट्टे.
"बरा झालो व्हय मी?"
बिराप्पानं विचारलं.
मी हो म्हणालो.

बाई वाचली.
महिन्यानं पेढे घेऊन आली होती,
मी पॅसेजमधनंच मागं वळलो.
पेढ्यावर केशर होतं म्हणे.

यंदा धाकटीची हळद झाली, बेडगला.
मांडवात पोरी नाचत होत्या,
आणि बायका आल्या दहाही बोटं पिवळी करून
माझ्या गालाला लावायला.
मी एकेकीचा हात धरला.
नख दाबलं. सोडलं.
रक्त परत यायला किती वेळ लागतो ते बघितलं.
काकूचं नख. वहिनीचं.
नवऱ्या मुलीचं दोनदा.
मामी म्हणाली, ब्रदरनं आज घेतलीय वाटतं.
हसले सगळे. मीही हसलो,
ते कसं करायचं ते अजून येतं.

आईनं ताट खाली ठेवलं.
नळावर जाऊन साबणानं हात धुतले, परत धुतले,
आणि माझ्याशेजारी येऊन बसली,
हात पदराखाली झाकून.

फॉर्ममध्ये हे कुठं बसवायचं?
वरण-भाताला सहा महिन्यांत हात लावला नाही,
हे "भूक न लागणे" नव्हे.
भूक लागते.
झोपही लागते, पण लागली की मी पट्टे सोडवत असतो,
आणि चारानंतर पाचवा निघतो, सहावा निघतो.

एस्तेर सिस्टरनं दिवाळीआधी राजीनामा दिला.
आता चर्चजवळ शिवणकाम करते,
ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश.
त्या रात्री मशीनचं दुसरं टोक
तिच्या हातात होतं.
आम्ही त्याबद्दल बोललेलो नाही.

काल रात्री दोनला मी तिला फोन लावला.
पहिल्याच रिंगला उचलला.
"जागीच?"
"तू?"
मग कुणीच काही नाही.
कुत्री भुंकत होती, तिच्याकडची की माझ्याकडची कळेना.
तिचा श्वास ऐकू येत होता.
मी मोजला नाही.
म्हणजे, मोजला.

"किती?"
तिनं विचारलं.