चारशे सतरा

मी समुद्र पाहिलेला नाही.
तरी त्याचे पंच्याऐंशी हजार बिंदू
विडी घरकुलातल्या आमच्या खोलीत,
पत्रा तापलेला असताना, साफ करत बसते.
शेजारी आई. सुपातून मान वर न करता विचारते,
"आज किती झाले गं तुझे?"
तिच्या विड्या हजारावर मोजतात.

खडकावर पिल्लू ठेवून सुरय पक्षी
साठ किलोमीटर आत जातात, घासासाठी.
पाठीवरचं यंत्र दर वीस मिनिटांनी सांगतं :
मी इथे. आता इथे.
चारशे सतरा माझी लाडकी.
बाकीच्या जिथून वळायच्या,
तिथून ही थोडी पुढं जाऊन यायची, उगाचच.

अकरा मे, रात्री दोन दहा.
तिची रेघ सरळ झाली.
एकच वेग, एकच दिशा, बंदराकडं.
मला वाटलं, घड्याळ बिघडलं.

नाना रात्रपाळीहून आले. कानात अजून माग चालू.
चहाची बशी धरून पडद्याकडं बघत राहिले;
चाळीस वर्षं टॉवेलातली चूक बोटांनी शोधणारा माणूस.
"पिट्टा इतकी सरळ उडते होय?
धागा तुटला नाही हा.
दुसऱ्याच्या मागावर गेलाय."

होडी.
त्यानंतर एका घरातून, सहाशे बारा वेळा :
मी इथे. आता इथे.
मग बॅटरी संपली.

असे बिंदू पुसायचे, असा नियम आहे.
मी त्यांना वेगळा रंग दिला
आणि देवगडला सारंग मॅडमना फोन केला.
त्यांनी चौदा पाखरांच्या फेऱ्या त्यावर पसरल्या.
रेघा दाटल्या तिथं एक चौकोन आखला,
आणि तो सोसायटीच्या टेबलावर ठेवला :
मे महिना, एवढ्या पाण्यात रात्रीचं जाळं नको.

"सोलापुरात बसून कोण आम्हाला दर्या शिकवतंय?"
एक तांडेल म्हणाला म्हणे.
खरंय त्याचं. मला उत्तर सुचलेलं नाही.
दुसरा मात्र उठला, खिशातून रुमाल काढला.
आत यंत्र. नातू खेळत होता त्याच्याशी.
चौकोनाचं अजून काही ठरलेलं नाही.

काल कुरिअरनं ते इथं आलं, तपासायला.
आईनं तळहातावर घेतलं, जोखलं.
"दहा विड्यासुद्धा भरायच्या नाहीत गं."
सुपाच्या कडेला ठेवलं, पुन्हा वळायला लागली,
आणि मोजताना चुकली.