कलम नऊ, उपकलम दोन

रीगा, फेब्रुवारी. मसुदा आठवा.
एकतीस देश एका लांबट टेबलाभोवती,
काचेबाहेर दौगावा नदी, गोठून पांढरी.
विषय असा :
लहान भाषांचे साठवलेले आवाज
यंत्रांना शिकवायला द्यायचे,
तर कुणी, कुणाला, कुठल्या अटीवर.

मी इतिवृत्त लिहिते.
न पटलेला शब्द चौकोनी कंसात टाकते,
वाद मिटला की कंस काढते.
सकाळी कंस होते एकशे बारा,
दिवेलागणीला एकशे एकोणीस.

या टेबलावर कुणाला सांगू,
माझ्या भाषेत या खुणेला मामाचं नाव आहे,
आणि जन्माला आलेलं प्रत्येक वाक्य
तो पाय धरून शिळेवर आपटतो.
सात मसुदे तसेच गेले.

उरुग्वेच्या ग्रिसेल्डा एचेवेर्री म्हणाल्या, 'देतील'.
पलीकडून कुणी म्हणालं, 'द्यावेत'.
तिसऱ्यानं सुचवलं, 'शक्य असेल तेथे द्यावेत'
आणि पाणी प्यायला.
सेनेगलचे एन्देने फाय, टेबलाखाली बूट काढून बसलेले,
म्हणाले, ज्यांचे आवाज आहेत
ती माणसं आमच्याकडे अजून जिवंत आहेत.
विचारलंय त्यांना?
प्रश्न पाच भाषांतून फिरून येईतो
चहाची वेळ झाली.

दहाला दुभाषे उठले. नियमच तसा.
मग उरली सगळ्यांची मोडकी इंग्रजी,
आणि त्या मोडक्या भाषेत
माणसं पहिल्यांदाच हळू बोलू लागली.

फाय मफलर आणायला खाली गेले
ते चाळीस मिनिटं आलेच नाहीत.
आले तेव्हा बरोबर कोट सांभाळणाऱ्या स्काइद्रीते बाई,
अंगात हिरवा स्वेटर, मुठीत बिल्ल्यांचा जुडगा.
त्यांच्यासाठी खुर्चीची तरतूद नव्हती.
त्या उभ्याच राहिल्या.

म्हणाल्या, मी कोल्काची, किनाऱ्यावरची.
बोट आली की वाळूवर माशांचे ढीग करायचे.
एकजण पाठ फिरवून उभा,
दुसरा ढिगावर हात ठेवून विचारी, हा कुणाचा?
पाठमोरा नाव घेई.
तापानं पडलेल्याचं घेई.
बुडालेल्याच्या बायकोचंही.
बाबांची भाषा बोलणारे आता बोटांवर मोजावे लागतात.
बाबा आहेत एका फितीवर, परदेशातल्या विद्यापीठात.
ऐकायचं तर मला अर्ज करावा लागतो.
दोनदा केला.

माईक बंद होता.
म्हणून इतिवृत्तात यातलं काही नाही.

अध्यक्षांनी भिंतीवरचं घड्याळ
अकरा अठ्ठावन्नला थांबवलं,
तारीख उलटू नये म्हणून.
सुरक्षारक्षक दाराशी पेंगत होता.
'द्यावेत' म्हणणाऱ्यानं बराच वेळ पेनचं टोपण चावलं,
मग 'देवाणघेवाण' खोडून
कुणीतरी 'वाटा' म्हणालं.
त्यांच्या भाषेत तो फक्त हिस्सा.
माझ्या कानात त्याच शब्दातून
कितीतरी पायवाटा फुटल्या.
ज्याचा आवाज, त्याचा वाटा,
आणि आधी त्याला विचारणं.
मी डावा कंस काढला. मग उजवा.
कडी वाजली नाही.

एकशे अठरा उरले.
ते जूनमध्ये, दुसऱ्या शहरात.
तोवर कुणीतरी याही शब्दाला
कंस घालून आणेल, ठाऊक आहे मला.

पुलावरून निघाले तेव्हा
लॅपटॉपची पिशवी छातीशी धरली होती,
उगाचच, टोपलीसारखी.
नदीला दुभंगून वाट द्यावी लागली नाही,
ती आधीच थिजलेली.
मागून फाय हाका मारत येत होते.
मफलर खालीच राहिला होता,
खिशात बिल्ला, क्रमांक सत्तेचाळीस,
आणि स्काइद्रीते बाई
शेवटची ट्राम पकडून गेलेल्या.