तीन नंबर

संघाचे कपडे मीच धुते, तेवीस वर्षं झाली.
तीन नंबरची चड्डी डाव्या कुशीवर हिरवी असायची,
कितीही भिजवा.
घसरत जाऊन चेंडू काढायची सवय
पाराग्वेच्या तांबड्या मातीतली,
आइसलँडच्या गवताला ती झेपत नव्हती.

लिदुविना. सकाळी सहा ते बारा मासळीच्या कारखान्यात,
दुपारी सराव. करारात दोन्ही लिहिलेलं.
गोल मारला तर बक्षीस, हेही लिहिलेलं.
बचावाचं काही नाही.
न झालेले गोल कोण मोजतं?

जूनमध्ये सूर्य बुडेना, तेव्हा तिनं
क्लबचं जुनं निशाण खिडकीला ठोकलं
आणि झोपली.
फोनवर आईला सांगायची, थंडी मुळीच नाही.
तिची भाषा मला येत नाही.
वाजणारे दात येतात.

गोलकीपरनं पुढे यावं म्हणून ती ओरडायची,
एजु! एजु!
म्हणजे ये, तिच्या गावच्या बोलीत.
फ्योर्डातला वारा तो शब्द समुद्रात नेऊन टाकायचा.
मे महिनाभर अर्नदिस जागची हलली नाही.
ऑगस्टात यायला लागली.

ऑक्टोबरात करार संपला.
पुढचा क्लब दूर दक्षिणेला.
तिथे पगार उशिरा, पण ऊन वेळेवर, म्हणाली
आणि माझ्या हातात धुतलेले मोजे परत दिले,
क्लबचे आहेत म्हणून.

आता दहा वर्षांखालच्या मुली
चेंडू मागताना एजु म्हणतात.
कुणी शिकवलं विचारलं, तर खांदे उडवतात.
परवा मीही मांजराला तशीच हाक मारली.
आलं नाही.